उमरा फाइन

वऱ्हाडात कोणालाही ‘कसं काय?’ असं विचारून पाहा. मुलीचं लग्न ठरलंय, बोअरला पाणी लागलंय, बँकेची नोटीस अजून आलेली नाही, असा चारही बाजूंनी सुखी माणूस उत्तर देतो, ‘चालू हाये.’ फारच खुशीत असला तर ‘बरं हाये.’ त्याच्या वरची पायरी आमच्या बोलीत नाही. सोयऱ्याच्या मळ्यात रोडगे आणि वांग्याच्या भाजीचं जेवण झालेलं असतं, पाहुण्याला बसल्या जागेवरून उठवत नाही, पोटावर हात ठेवून तो आंब्याच्या बुंध्याला टेकलेला असतो. यजमान विचारतो, ‘कशी झाल्ती भाजी?’ पाहुणा डोळे न उघडता सांगतो, ‘जमली. मीठ जरासं पुढं होतं.’ हे मीठ पुढं असणं आमच्याकडे कौतुकात धरलेलं आहे. नुसतंच ‘चांगली झाली’ म्हटलं तर यजमानाला शंका येते, की याला पैसे उसने पाहिजेत.

मनापासून वाखाणायची वेळ आलीच, तर आम्ही शिवीच्या शेजारचा एखादा शब्द काढतो. पोरगं एमपीएससी होऊन तहसीलदार झालं की गावात बोललं जातं, ‘लय डेंजर पोट्टं हाये बाप्पा.’ या ‘डेंजर’चं मूळ लॅटिनमधल्या ‘मालक’ या शब्दात आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ धन्याची सत्ता, त्याच्या ताब्यात असणं, असा होता. तहसीलदाराला हा शब्द लावताना आमच्या माणसाने कोश पाहिलेला नसतो, सातबारा पाहिलेला असतो.

इंग्रज बरोब्बर उलटा. त्याच्याजवळ वाईट म्हणायला शब्दच नसावेत, असं वाटावं इतका तो गोड बोलतो. पुरावा म्हणून मी कापूस हजर करतो.

लिव्हरपूलच्या बाजारात हिंदुस्थानी कापसाची प्रत सांगायची एक शिडी होती. खालून वर चढत गेलं तर तिच्या पायऱ्या अशा: फेअर, गुड फेअर, फुल्ली गुड फेअर, गुड, फुल्ली गुड, फाइन, सुपरफाइन. ही शिडी जरा निवांत पाहण्यासारखी आहे. यात रद्दी नाही, घाण नाही, टाकाऊ नाही. सगळ्यात खाली उभा असलेला कापूसही ‘फेअर’ आहे, म्हणजे शब्दाच्या जुन्या अर्थाने देखणा आहे. ‘फुल्ली गुड फेअर’ हा तीन विशेषणं लावून उभा आहे आणि तरी एकट्या ‘गुड’च्या खाली आहे. ‘गुड’च्या वर ‘फुल्ली गुड’ आहे, म्हणजे खालचा गुड हा पुरता गुड नव्हताच, फक्त त्याला तसं कोणी तोंडावर म्हटलेलं नाही. हीच शिडी वऱ्हाडी माणसाने बांधली असती, तर वरून खाली अशी उतरली असती: बरा हाये, जमते, ठीकच हाये, काई खरं नाई, गादीत भरा. आणि सगळा व्यवहार अर्ध्या वेळात उरकला असता.

त्या शिडीवर आमचं गाव चढलेलं होतं, ही त्यातली गंमत. अमरावतीचं जुनं नाव उदुंबरावती, त्याचं झालं उंबरावती, मग उमरावती. आमच्याकडचे म्हातारे अजूनही ‘उमरावतीले जाऊन येतो’ म्हणतात, आणि शहरातली नातवंडं त्यांना ‘आबाजी, अमरावती म्हणा’ असं दटावतात. पण लिव्हरपूलचे दलाल आबाजींच्या बाजूचे होते. त्यांनी कागदावर उमरावतीच लिहिलं, पुढे तेवढंही तोंडात मावेना म्हणून ‘उमरा’ केलं, आणि मग त्या ‘उमरा’ला शिडीवरचं विशेषण जोडलं. ‘उमरा फाइन’. पुढे मुंबईच्या वायदेबाजारातही हा उमरा ऐटीत फिरला.

यात अकोलेकरांवर अन्याय झाला, हे अमरावतीचा माणूस असूनही मी कबूल करतो. कापूस अकोल्याचा असो, खामगावचा असो की कारंज्याचा, बोटीत बसला की तो उमराच. अकोल्याने याचा सूड शंभरेक वर्षांनी घेतला. १९६९ साली तिथे कृषी विद्यापीठ आलं आणि कापसाच्या वाणांना ‘एकेए ७’, ‘एकेएच ०८१’ अशी नावं पडली. यातला ‘एके’ कोणाचा, हे अकोल्यातलं लहान पोरगंही सांगेल. अमरावतीकडे विभागीय आयुक्त आहेत, पण बियाण्याच्या पिशवीवर अकोलाच.

लक्ष्मण देशपांडे यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ महाराष्ट्रभर गाजलं. ते वऱ्हाड लग्नाचं आणि मराठवाड्यातलं. आमचं वऱ्हाड त्याच्या शंभर वर्षं आधीच लिव्हरपूलला पोचलं होतं, गाठी पक्क्या बांधून. फक्त तिकडे मानपान झाला नाही. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी ‘फाइन’ची कुळकथा सांगतो, कारण ती ऐकल्याशिवाय पुढचा हिशेब जुळत नाही. लॅटिनमध्ये ‘फिनिस’ म्हणजे शेवट, हद्द. जे काम शेवटापर्यंत नेलं, ज्यात आता आणखी करण्यासारखं काही उरलेलं नाही, ते उत्तम. जुन्या फ्रेंचमधून हा उत्तमपणा इंग्रजीत ‘फाइन’ म्हणून उतरला. आपणही याहून वेगळं काही करत नाही. पारंगत म्हणजे पार पलीकडच्या काठाला गेलेला. सुताला ‘फाइन’ म्हटलं की त्यात बारीक, तलम हेही आलं, कारण कातणारा शेवटापर्यंत गेल्याशिवाय सूत बारीक होत नाही.

पण त्याच ‘शेवटा’ची दुसरी पाती कोर्टात गेली. भांडण मिटवायला, म्हणजे त्याचा शेवट करायला, जी रक्कम मोजायची तिलाही नाव पडलं ‘फाइन’. देणं चुकतं करून प्रकरण संपवायचं, यावरून निघाला ‘फायनान्स’. म्हणजे शाबासकी, दंड आणि कर्ज ही एकाच घरातली सख्खी-चुलत भावंडं आहेत. आणि आमच्याकडे या घराण्याची सगळी माणसं रोज येतात-जातात. भाव ‘फायनल’ करतात. घराच्या गिलाव्याला ‘फिनिशिंग’ नाही म्हणून मिस्त्रीचे पैसे अडवतात. सरकीचं तेल ‘रिफाइन’ असतं. ‘फायनान्सवाला आला’ एवढं गल्लीच्या तोंडाशी कोणी म्हटलं की आतली दारं आपोआप लागतात. फक्त थोरला भाऊ, तो शाबासकीचा ‘फाइन’, तेवढा आमच्या अंगणात फिरकत नाही. वऱ्हाडात ‘फाइन’ म्हटलं की तो लागतो. कॉलेजच्या लायब्ररीत लागतो, चौकात लागतो, वीजबिलावर लागतो.

शेजारच्या काकाजींची मुलगी पुण्याला नोकरी करते. काकाजींनी फोनवर विचारलं, ‘कशी हायेस बाई?’ ती बिचारी मीटिंगमधून नुकती बाहेर आलेली, तिच्या तोंडून सवयीने निघालं, ‘आय ॲम फाइन, बाबा.’ काकाजी दचकले. ‘कितीचा? हेल्मेट नव्हतं काय?’ मुलगी आठवडाभर हे मैत्रिणींना सांगून हसत होती. मला मात्र काकाजींचं काही चुकलंय असं वाटत नाही. ज्या शब्दाच्या एका हातात हार आणि दुसऱ्या हातात पावतीपुस्तक आहे, त्याच्या दुसऱ्या हाताकडे आधी पाहावं, हे त्यांनी कापूस विकून विकून शिकलेलं आहे.

आणि वऱ्हाडाला हे शिकायला इतिहासाने भरपूर वाव दिला. आमचा इंग्रजांशी संबंध जुळला तोच मुळी फायनान्सच्या खात्यावर. निजामाच्या नावाने एक फौज उभी होती, तिचा खर्च निजामाने द्यायचा होता, तो थकत गेला, आणि १८५३ मध्ये त्या थकबाकीपोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेलं. नांगर, बंड्या, पराटी, माणसं, देवळं, सगळं. ट्रॅक्टरचा हप्ता थकला म्हणून ट्रॅक्टर ओढून नेलेला सगळ्यांनी पाहिलाय. इथे अख्खा मुलूख ओढून नेला. पुढे १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमच्या पट्ट्याने घेतला. ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण कोणी काढली माहीत नाही, पण सोनं कोणाच्या हाती आणि कुऱ्हाड कोणाच्या पायावर, हे त्याने चतुराईने सांगितलं नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकशायरच्या गिरण्यांना एकदम आमची आठवण आली. तोवर हिंदुस्थानचा कापूस तिकडे सरसकट ‘सुरत’ या नावाने ओळखला जाई. धागा आखूड, त्यात कचरा, पानं, माती. आणि वाटेत कुठेतरी व्यापाऱ्याने पाणी मारलेलं, एखादा दगडही वजनाला घातलेला. कोणी घातला? शेतकरी म्हणे अडत्याने, अडत्या म्हणे दलालाने, दलाल म्हणे आम्ही तर गाठ उघडतच नाही. मुंबई सरकारने १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध वेगळा कायदाच केला, यावरून दगड कल्पनेतला नव्हता एवढं नक्की.

लँकशायरच्या गिरणीकामगारांनी या कापसाचा इतका धसका घेतला की, तिथली एक गोष्ट सांगतात, प्रार्थनेला बसलेला माणूस देवाकडे कापूस मागत होता आणि घाईघाईने पुस्ती जोडत होता, की पण सुरतचा नको. पुढे तर ‘सुरत’ हे तिकडे विशेषणच झालं. जे जे भेसळीचं, हलकं, ते ते ‘सुरत’. कोणी तरी एका बीयरवाल्याच्या मालाला ‘सुरत’ म्हटलं, तर तो बीयरवाला अब्रूनुकसानीसाठी कोर्टात गेला. ही गोष्टही १८६३ च्याच सुमाराची. एका गुजराती शहराचं नाव घेतलं म्हणून इंग्रजाची अब्रू गेली आणि त्याने फाइन मागितला! तोंडाने कधी वाईट न बोलणाऱ्या लोकांना अखेर शिवी लागलीच, तेव्हा ती त्यांनी घरची न वापरता आपल्याकडून आयात केली, कापसाबरोबर.

सुरतवाल्यांच्या अपमानावर आम्ही हसतो आहोत, पण त्या गाठींत उमराही होता, हे विसरून चालणार नाही.

युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस परत आला, आणि इंग्रजांनी ठरवलं की वऱ्हाडचा कापूस सुधारायचा, खरोखरीचा फाइन करायचा. त्यासाठी रिव्हेट-कार्नॅक नावाचे कॉटन कमिशनर नेमले गेले. १८६७ मध्ये रेल्वे बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली, १८७० मध्ये खामगावच्या कापूसबाजाराला रुळाचा फाटा जोडला गेला, त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. ज्या खामगावला आज एक्स्प्रेस गाडीसाठी जलंबला जाऊन उभं राहावं लागतं, त्या खामगावला व्हाइसरॉय रुळावरून उतरला होता. खामगावकर ही गोष्ट दर उन्हाळ्यात पाहुण्यांना सांगतात, आणि मी खामगावचा असतो तर हिवाळ्यातही सांगितली असती.

आता वऱ्हाडात तेव्हा दोन तऱ्हेचा कापूस होता. एक बनी, दुसरा जरी. बनीचा धागा लांब, मऊ, तलम. साहेबांचा जीव बनीवर. जरीचा धागा आखूड आणि राठ. पण जरी लवकर येई, झाडाला जास्त लागे, आणि जिनिंगमध्ये रुईही जास्त उतरे. साहेबांनी समजावलं, की बनी पेरा, बनी फाइन आहे. शेतकऱ्यांनी मान हलवली आणि जरी पेरली. साहेबांना वाटलं, लोक अडाणी आहेत. लोकांचा हिशेब साधा होता: फाइनला भाव थोडा जास्त मिळतो, पण गाडीत माल कमी भरतो, आणि बाजारात दलाल बनी आणि जरी एकाच ढिगात ओततो. विशेषण ढिगाला लागतं, पैसे वजनाला लागतात. काही दशकांत बनी वऱ्हाडातून जवळजवळ नाहीशी झाली. ‘फाइन’चा मूळ अर्थ शेवट, हे बनीइतकं कोणी सिद्ध करून दाखवलं नसेल.

बाजारातला व्यवहार तर ऐकण्यासारखा होता. म्हणजे खरं तर ऐकू न येण्यासारखा. हत्ता पद्धत होती. अडत्या आणि खरेदीदार एका रुमालाखाली हात घालत आणि बोटं दाबून भाव ठरवत. कापूस ज्याचा, तो समोर उभा राहून रुमालाच्या हालचाली पाहत असे. म्हणजे प्रत ठरे इंग्रजीत, भाव ठरे रुमालाखाली, आणि वऱ्हाडीत फक्त एवढंच उरे: ‘झालं काय?’ शेवटी १८८६ मध्ये कारंज्याला नियमाखाली बाजार आला, १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्यबाजारांसाठी कायदा झाला. देशातल्या बाजार समित्यांची वंशावळ इथपर्यंत नेऊन भिडवतात. रुमाल गेला, काटा आला, समिती आली, समितीची निवडणूक आली. निवडणुकीचं पुढे काय झालं, तो वेगळ्या आणि बऱ्याच लांब लेखाचा विषय आहे.

इंग्रज गेले, लिव्हरपूलची शिडीही मोडली. ‘फाइन’ गेला, ‘सुपरफाइन’ शर्टाच्या कापडावर आणि पोह्यांच्या पुड्यावर जाऊन बसला. पण शिडीची एक पायरी कशी कोण जाणे आमच्याकडे शिल्लक राहिली, आणि तीसुद्धा सगळ्यात खालची. आज हमीभावाने कापूस विकायचा तर तो ‘एफएक्यू’ असावा लागतो. फेअर ॲव्हरेज क्वालिटी. हा तोच ‘फेअर’. मुळात अर्थ सुंदर. मग डाग नसलेला म्हणून गोरा. मग मनात डाग नसलेला म्हणून न्यायी. आणि घसरत घसरत ‘चालण्यापुरता’. चांगल्या घरातला शब्द, दिवस फिरले आणि तो बाजार समितीच्या फाटकावर येऊन उभा राहिला.

२०२५-२६ साठी सरकारने मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटलचा भाव जाहीर केला. तो पूर्ण मिळायला कापसात ओलावा ८ टक्क्यांपर्यंत हवा; त्यापुढे टक्क्याटक्क्याने कात्री, आणि १२ च्या वर गेलात तर बंडी वळवा. आता वेचणी पहाटे दवातच सुरू होते, कारण दुपारी वाळलेल्या पानांचा चुरा कापसाला चिकटतो. म्हणजे लवकर वेचला तर ओला, उशिरा वेचला तर कचरा. दिवाळीच्या तोंडावर परतीचा पाऊस झाला तर दोन्ही. ग्रेडर मीटरचा दांडा ढिगात खुपसतो. आकडा चमकतो. मग एक संवाद होतो, तो अकोल्यातही तोच आणि अमरावतीतही तोच.

‘काका, कापूस ओला हाये.’

‘साहेब, तीन दिवस माळवदावर वाळवला. घरात आमाले पाय ठेवाले जागा नोती.’

‘मशीन सांगून राह्यली.’

‘मशीनले पहा बरं एकडाव उन्हात ठेवून.’

असल्या उत्तराने टक्का कमी होत नाही, पण मागच्या बंडीवाल्यांची करमणूक होते आणि रांग दुपारभर तग धरते.

अशाच एका रांगेत मागे एक आजोबा आणि अकरावीतला नातू बंडीवर बसलेले होते. नातू मोबाईलवर काहीतरी वाचत होता. आजोबांनी फाटकावरच्या फलकाकडे बोट केलं.

‘काय लिवलं बे थे? वरतं.’

‘एफएक्यू, आबाजी.’

‘म्हणजे?’

नातवाने फोनवर पाहिलं, मग तोंड वर करून सावकाश अर्थ लावला. ‘फेअर म्हणजे गोरी. ॲव्हरेज म्हणजे मध्यम. क्वालिटी म्हणजे... चांगल्या घरची.’

आजोबांनी बंडीतल्या कापसावरून एकदा हात फिरवला, चिकटलेलं एक पान वेचून खाली टाकलं.

‘अस्सं. मंग हुंडा आपल्यालेच द्या लागन.’